स्प्रिंगबँक आणि बाटलीवरचा आकडा

भारतात जाताना ड्यूटी फ्रीच्या दुकानात आपण मंडळी बाटली निवडतो ती आकडा बघून. बारा की अठरा? काकांना पंधराची नेली तर मेहुण्यांना बाराची कशी द्यायची? दोन लिटरांच्या मुभेत सगळा मानपान बसवायचा असतो. कायद्याने त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की बाटलीतली सगळ्यात कोवळी व्हिस्की ओकच्या पिंपात तितकी वर्षं होती. पिंप कसलं होतं, बनवताना घाई केली का, वरून रंग घातलाय का, हे आकडा सांगत नाही. कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीची दहा वर्षांची बाटली प्यायल्यापासून बड्या नावांच्या अठरा वर्षांच्या कित्येक बाटल्या मला पुळचट वाटायला लागल्या आहेत. तिच्याबद्दल माझी तक्रारही आहे, ती पुढे.

कॅम्पबेलटाउन हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला, किंटायर द्वीपकल्पाच्या शेंड्याजवळचं, पाच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. ग्लासगोहून गाडीने तीन-साडेतीन तास. 1880 च्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड हा लेखक ब्रिटनमधल्या डिस्टिलऱ्या बघत फिरला, तेव्हा या एका गावात 21 चालू होत्या. 1934 पर्यंत उरल्या दोन: स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया.

याचं सगळं खापर अमेरिकेतल्या दारूबंदीवर फोडायची पद्धत आहे. दारूबंदीने फटका दिलाच. पण जवळची कोळशाची खाणही 1923 मध्ये बंद पडली, आणि ब्लेंड करणाऱ्या कंपन्या त्याआधीच स्पेसाइडच्या हलक्या, गोडसर व्हिस्कीकडे वळल्या होत्या. शिवाय मागणी जोरात असताना गावातल्या अनेकांनी भराभर सुमार माल काढला. गावाचं नाव एकदा खराब झालं, की चांगलं बनवणाराही त्यात भरडला जातो. स्प्रिंगबँकचा संथपणा मला या इतिहासाशिवाय समजत नाही. तो निव्वळ जुन्याची हौस नाही, शेजारच्या एकोणीस घरांची राख पाहिलेल्या माणसाची सावधगिरी आहे.

डिस्टिलरी 1828 ची, आणि 1837 पासून मिचेल घराण्याकडे. बार्ली भिजवून तिला मोड आणणं, ती वाळवणं, दळणं, आंबवणं, ऊर्ध्वपातन, पिंपात मुरवणं, बाटलीत भरणं, सगळं याच गावात होतं. इतर बहुतेक ठिकाणी मोड आणलेली बार्ली, म्हणजे माल्ट, मोठ्या कारखान्यांतून ट्रकने येते. इथे आपण मटकीला मोड आणतो तशी ती फरशीवर पसरतात आणि माणसं ती हाताने खालीवर करत राहतात, नाहीतर तिची मुळं एकमेकांत गुंतून चटई होते. मग भट्टीत सुमारे सहा तास पीटचा धूर आणि उरलेला वेळ नुसती गरम हवा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेला वनस्पतींचा थर; वाळवून जाळला की त्याचा धूर बार्लीला चिकटतो.

ऊर्ध्वपातनाचा हिशोब तर गमतीचा आहे. स्कॉच साधारणपणे दोनदा उकळतात, इथे 'अडीच वेळा'. म्हणजे पहिल्या उकळीतला थोडा भाग बाजूला ठेवतात, बाकीचा पुन्हा उकळतात, आणि मग दोन्ही एकत्र करून शेवटच्या भट्टीत घालतात. त्यामुळे काही मद्य दोनदा शुद्ध झालेलं असतं, बरंचसं तीनदा. तीनदातला हलकेपणा आणि दोनदातला जाड, तेलकट अंग एकाच घोटात येतं ते यामुळे.

याच आवारात आणखी दोन व्हिस्क्या बनतात. लाँगरो, दोनदा उकळलेली आणि कडक धुराची. हेझलबर्न, तीनदा उकळलेली आणि धुराशिवाय. ही दोन्ही नावं गावातल्या बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांची. मूळ हेझलबर्नमध्येच 1920 मध्ये मासाताका ताकेत्सुरू शिकायला आले होते. पुढे जपानी व्हिस्कीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तसाच हा प्रकार, आणि मला तो जाहिरातीपेक्षा जास्त खरा वाटतो. मिचेल घराण्यातलेच हेडली राइट यांनी 1925 पासून बंद असलेली ग्लेनगाइल डिस्टिलरी 2000 मध्ये विकत घेतली आणि 2004 मध्ये तिथे पुन्हा मद्य गाळायला सुरुवात झाली. ते 2023 मध्ये वारले.

आता चवीबद्दल. दहा वर्षांची स्प्रिंगबँक 46 टक्क्यांची असते, रंग मिसळलेला नाही, थंड करून गाळलेली नाही. पहिल्या वासाला नवखा माणूस नाक मुरडेल: ओलं गोणपाट, खारवलेल्या कैरीच्या बरणीचं झाकण, यंत्राच्या तेलाचा पुसट वास. पाच मिनिटं थांबा. मग पिकलेला पेअर आणि मध येतो, आणि शेवटी विझलेल्या चुलीचा धूर घशात रेंगाळतो. पंधरा वर्षांची शेरीच्या पिंपातली. सुकामेवा भरपूर, पण त्याखाली मूळचा खारटपणा दबतो. एकवीसची सुंदर आहे, पण दहापेक्षा जितक्या पटीने महाग आहे तितक्या पटीने चांगली नाही. भक्तमंडळी हे कबूल करत नाहीत. एक घाणा दुसऱ्यासारखा नसतो हेही खरं. कधीकधी काडेपेटीचा वास डोकावतो आणि तो मला खपत नाही.

माझी तक्रार डिस्टिलरीपेक्षा तिच्या चाहत्यांवर जास्त आहे. मोठ्या डिस्टिलऱ्या वर्षाला दोन कोटी लिटरांच्या वर मद्य काढू शकतात. स्प्रिंगबँकची क्षमता साडेसात लाख, आणि प्रत्यक्ष उत्पादन त्याहून बरंच कमी. 1980 च्या दशकात हीच डिस्टिलरी जवळजवळ बंद होती आणि कुणाला पर्वा नव्हती. आज दुकानं चिठ्ठ्या टाकून बाटल्या विकतात. ज्यांना चिठ्ठी लागते त्यांतले काही जण सील न फोडता ती लिलावात दुपटीने काढतात. फरशीवर बार्ली उलटणाऱ्या माणसाच्या कामाचा मोबदला अशा रीतीने कपाटात बसतो. दहा वर्षांची साधी बाटली, जी या डिस्टिलरीने रोजच्या पिण्यासाठी काढली, तीच आता शेअरसारखी फिरते. मग किंमत परवडणारी ठेवली याचं कौतुक कोणासाठी करायचं? डिस्टिलरीने भाव वाढवला तर गावाला पैसा मिळेल, पण गावातल्याच गिऱ्हाइकाला ती परवडणार नाही. या पेचाला सोपं उत्तर मलाही दिसत नाही.

तोवर चिठ्ठीच्या रांगेत उभं न राहता ग्लेनगाइलची किलकेरन 12 शोधा. तीही 46 टक्क्यांचीच. माल्ट स्प्रिंगबँकच्याच फरशीवरचा, गाळणारी माणसंही तीच. धूर थोडा, मीठ थोडं, लिंबाच्या सालीचा कडूपणा, आणि तेलकटपणा स्प्रिंगबँकपेक्षा कमी. पहिल्या ग्लासात पाणी घालू नका. दुसऱ्यात चमचाभर घातलंत तर फळांचा वास मोकळा होतो.