‘बायबली’ नाणीं : नांव आणि पुरावा

प्राचीन नाण्यांच्या व्यापारांत ‘बायबली नाणीं’ हा एक स्वतंत्र वर्ग आज रूढ झाला आहे. विक्रेत्यांच्या याद्यांत त्याचें पान निराळें असतें, संग्राहकांसाठीं मार्गदर्शक ग्रंथ आहेत, आणि कांहीं नाण्यांना तर शुभवर्तमानांतील प्रसंगांवरून ठराविक नांवेंच पडलीं आहेत : ‘विधवेची दमडी’, ‘कराचा दीनार’, ‘यहूदाचें रुपें’. हौसेला आमचा विरोध नाहीं. हौशी संग्राहक नसते तर नाणकशास्त्र जन्मासच आलें नसतें. परंतु ज्या नांवानें नाणें विकलें जातें तेंच नांव पुरावा म्हणून इतिहासलेखनांत शिरूं लागलें, म्हणजे त्याची छाननी करणें प्राप्त होतें. भारताच्या इतिहासाशींही या प्रश्नाचा वाटतो त्याहून निकटचा संबंध आहे. तो पुढें येईल.

इंग्रजींत या विषयाची पद्धतशीर मांडणी फ्रेडरिक मॅडन यानें १८६४ सालीं केली. त्याच्या ग्रंथाच्या मथळ्यांतच दोन विषय आहेत : यहूदी नाण्यांचा इतिहास, आणि जुन्या व नव्या करारांतील पैसा. एक विषय धातूचा, दुसरा शब्दांचा. मॅडननें ते शेजारीं ठेविले, पण एक केले नाहींत. जॉर्ज हिल यानें ब्रिटिश म्यूझियमसाठीं १९१४ सालीं पॅलेस्टाइनमधील ग्रीक नाण्यांची सूची केली तेव्हां नाणीं नगर व राज्यकर्ते यांच्या क्रमानें लाविलीं. संशोधकाला हाच क्रम उपयोगाचा. बाजारानें मात्र धातू व शब्द यांचा सांधा पक्का करून टाकला, आणि मध्यें राहिलेली फट ग्राहकाच्या भक्तीनें बुजविली.

ही खोड नवी नव्हे. याच हिलनें १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकांत तीस रुप्यांच्या नाण्यांची जी हकीकत दिली आहे ती वाचण्याजोगी आहे. मध्ययुगीन यूरोपांतील कित्येक चर्चमध्यें यहूदानें घेतलेल्या तीस नाण्यांपैकीं एक म्हणून जें नाणें पूजिलें जाई तें पुष्कळदां ऱ्होड्स बेटाचें असे. त्यावरील सूर्यदेवाच्या मस्तकाभोंवतीं किरण असतात. भाविकांना तेथें कांट्यांचा मुकुट दिसला. पुढें सोळाव्या शतकापासून यहूदी शेकेल म्हणून खोटीं नाणींही पाडण्यांत येऊं लागलीं. त्यांवर एका बाजूस धुमसणारें धूपपात्र व दुसऱ्या बाजूस पानांनीं भरलेली डहाळी असते. खऱ्या शेकेलावर पेला व तीन डाळिंबें असतात, आणि तो इ. स. ६६ ते ७० च्या बंडांतला, म्हणजे यहूदाच्या मृत्यूनंतरच्या पिढीचा! आजचा विक्रेता अधिक जाणता आहे. तो सोर नगराचा शेकेल पुढें करतो. एका बाजूस मेल्कार्त देवाचें मुख, दुसऱ्या बाजूस गरुड. यरुशलेमच्या मंदिराचा कर याच चांदीनें भरला जाई हें खरें, म्हणून अनुमान संभाव्य आहे. पण मत्तयाचा मूळ ग्रीक शब्द नुसता ‘रुप्याचीं’ एवढाच आहे, आणि तीस हा आंकडा जखऱ्या संदेष्ट्याच्या जुन्या ग्रंथांतून आलेला आहे. संभाव्य आणि सिद्ध यांतील अंतर किंमत ठरवितांना कोणी वजा करीत नाहीं.

विधवेच्या दमडीबद्दल फार लिहावयास नको. मार्काच्या ग्रीकांत दोन ‘लेप्ता’ आहेत. मराठी भाषांतरकारांनीं ‘टोल्या’ व ‘दमडी’ हे आपल्या बाजारांतले शब्द योजिले, तें उचितच केलें. या नांवाखालीं विकलें जातें तें तांब्याचें चिमुकलें नाणें बहुधा अलेक्झांडर यन्नाय या हस्मोनी राजाचें असतें. तो इ. स. पू. ७६ मध्यें वारला. त्याचीं नाणीं पुढें शंभर वर्षें चालत होतीं असें उत्खननांवरून दिसतें. म्हणून ओळख अशक्य नाहीं. मात्र हेरोदाचीं व रोमन सुभेदारांचीं तांब्याचीं नाणींही त्याच वेळीं त्याच बाजारांत होतीं. त्यांतलीं पंतय पिलाताचीं नाणीं आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात. टायबेरियसच्या १६ ते १८ या राज्यवर्षांच्या या नाण्यांवर रोमन पुजाऱ्याचा वांकडा दंड आणि यज्ञांतील पळी कोरलेली आहे. यहूद्यांच्या देशांत यहूद्यांच्या हातीं देण्याच्या पैशावर हीं परधर्माचीं चिन्हें घालणारा अधिकारी कोणत्या वृत्तीचा होता, हें शुभवर्तमानें सांगत नाहींत, नाणें सांगतें.

आतां कराचा दीनार. कैसरास कर द्यावा कीं नाहीं या प्रश्नावर येशूनें एक दीनार मागविला आणि त्यावर कोणाची मुद्रा आहे हें विचारलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. संग्राहक जो दीनार घेतात तो टायबेरियसचा : पुढच्या अंगास त्याचें मुख व ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ हें बिरुद, मागें बसलेली स्त्री व महापुरोहित ही पदवी. हा लुग्दुनम, म्हणजे आजच्या लियों, येथील टांकसाळींत त्याच्या अखेरपर्यंत फारसा बदल न होतां पाडला जाई. पण इ. स. ७० पूर्वीच्या यहूदीयांत रोमन दीनार विरळाच सांपडतात. तेथील मोठी चांदी सोर व अंत्युखिया यांची होती. कार्मेल डोंगरावरील इस्फिया येथें १९६० सालीं सुमारें साडेचार हजार नाण्यांचा ठेवा निघाला. त्यांत सोरचे शेकेल व अर्धशेकेल बहुसंख्य, रोमन दीनार दीडशेंच्या आसपास, आणि त्यांतही बहुतेक ऑगस्टसचे. ‘कैसर’ हा शब्द दोघांनाही लागू पडतो.

मग हा टायबेरियसचा दीनार ढिगांनीं कोठें सांपडतो? दक्षिण भारतांत. तमिळनाडूंतील कोइमतूरचा प्रदेश आणि तेलंगणांतील नलगोंडा जिल्हा येथें निघालेल्या ठेव्यांत ऑगस्टसचा एक व टायबेरियसचा हा एक, असे दोनच प्रकार प्रामुख्यानें भरलेले आहेत. परमेश्वरीलाल गुप्त यांनीं १९६५ सालीं आंध्रांतील रोमन नाण्यांवर लिहिलेल्या ग्रंथांत नोंदविलेला अक्कनपल्लीचा ठेवा एकटाच दीड हजारांवर नाण्यांचा आहे. यांतील अनेक नाण्यांवर छेद व छाप आहेत. भडोच बंदरीं रोमन सोन्याचांदीचे दीनार देशी नाण्याशीं बदलण्यांत फायदा होतो, असें ‘पेरिप्लस’चा कर्ता सांगतो. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोनें चांदींत हीण वाढविल्यावर जुन्या कसदार दीनारांना येथें अधिकच मागणी राहिली. तेर व कोंडापूर येथें तर रोमन नाण्यांवरून मातीचीं लटकनें घडविलीं गेलीं. मिरें, तलम कापड, रत्नें यांच्या मोबदल्यांत आलेला, छेदून पारखलेला असा दीनार ज्या दिवशीं ‘कराचा दीनार’ म्हणून विकला जातो, त्या दिवशीं त्याचा खरा इतिहास पुसला जातो आणि दुसऱ्याच देशाचा इतिहास त्यावर चिकटविला जातो. या वर्गीकरणावर आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

याच्या उलट एक उदाहरण न देणें अन्यायाचें होईल. सिरियाक भाषेंत तिसऱ्या शतकाच्या प्रारंभीं रचलेल्या ‘थोमाच्या कृत्यें’ या ग्रंथांत प्रेषित थोमा भारतांतील गुदनफर राजासाठीं महाल बांधण्यास येतो. हा राजा कल्पित मानला जाई. १८३० नंतर चार्ल्स मॅसन यानें अफगाणिस्तानांत बेग्राम येथें हजारों नाणीं जमविलीं, तेव्हां ग्रीक व खरोष्ठी लेखांसह गोंडोफरस हें नांव उजेडांत आलें. तख्त-इ-बाहीच्या शिलालेखांत त्याचें सव्विसावें राज्यवर्ष व एका संवताचें १०३ वें वर्ष एकत्र आहेत. तो विक्रम संवत मानिल्यास इ. स. ४६ च्या सुमारास काल येतो. कथेंतील राजा खरा ठरला, हें नाण्यांचें श्रेय निर्विवाद आहे. पण थोमाचा प्रवास त्यानें सिद्ध होत नाहीं. शिवाय हें नांव पुढील राजांनीं पदवीसारखें धारण केलें, आणि मूळ गोंडोफरस येशूच्या जन्मापूर्वींचा असावा, असा एक पक्ष नाणकशास्त्रज्ञांत आहे. दुसरा पक्ष जुना कालच धरतो. निर्णय व्हावयाचा तो ठशांच्या अनुक्रमावरून व कोणतें नाणें कोणत्या थरांत निघालें यावरून. मॅसननें नाणीं कोणत्या जागीं मिळालीं तें लिहून ठेविलें, म्हणून त्याचा संग्रह आजही बोलतो.

१८७८ च्या ठेव-कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. तरी ठेवे फुटतात, आणि फुटलेल्या नाण्याबरोबर गांव, भांडें व सोबतचीं नाणीं हीं तिन्ही हरवतात. महाराष्ट्रांतील ज्या संग्राहकांकडे वाडवडिलांपासून आलेले रोमन दीनार वा त्यांच्या मातीच्या प्रतिकृती असतील, त्यांनीं नाणें कोणत्या गांवचें व केव्हां मिळालें याची ऐकीव असली तरी ऐकीव म्हणून नोंद, वजन, दोन्ही बाजूंचे ठसे आणि छेद असल्यास त्याची जागा एवढें टिपण या त्रैमासिकाकडे पाठवावें. नाणें आपणाकडेच ठेवावें.