हळद जिंकली, पण सिद्ध काय झाले?

शालेय विज्ञान प्रदर्शनात औषधी वनस्पतींचा तक्ता नाही, असे वर्ष सहसा जात नाही. हळद, कोरफड, कडुनिंब, दगडी पाला यांची चित्रे, शेजारी त्यांचे गुण आणि पुष्कळदा खाली एक अभिमानाची ओळ: ‘हळदीचे अमेरिकी पेटंट भारताने रद्द करून घेतले, म्हणजे हळदीने जखम भरते हे जगाने मान्य केले.’ या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. ‘म्हणजे’च्या पुढचा भाग मात्र त्यातून निघत नाही. तक्ता करणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देण्याचे कारण नाही. हीच गल्लत वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतूनही होत आली आहे. पण तक्ता वर्गातला असल्याने ती दुरुस्त करण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे.

पेटंटच्या वादात काय ठरले?

१९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली आणि बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले.

पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. परिषदेने दाखवून दिले ते एवढेच, की ही कल्पना नवी नाही. ती खरी आहे की नाही, हा प्रश्न या वादात निर्णायक नव्हता. उद्या कोणी गंडा बांधून ताप उतरवण्याच्या पद्धतीवर हक्क सांगितला, तर जुन्या पोथ्या दाखवून तोही खोडता येईल. त्यामुळे गंड्याने ताप उतरतो, असे ठरणार नाही. माशेलकरांचा विजय मोठा होता. लोकांचे ज्ञान खासगी मालकीचे होण्यापासून त्यामुळे वाचले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभा करण्याचे काम सुरू झाले, त्यामागेही हाच अनुभव होता. पण तो विजय कायद्यातला होता, शरीरशास्त्रातला नव्हता.

मग हळदीचे काय? तिच्यातील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याचा दाह कमी करण्याशी संबंध दिसतो. प्राण्यांवरील काही प्रयोगांत त्याने जखमा लवकर भरल्याचेही आढळले आहे. माणसांवरचे मोठे आणि काटेकोर प्रयोग मात्र थोडे आहेत. शिवाय प्रयोगशाळेतील शुद्ध कर्क्युमिन आणि डब्यातली हळद यांत फरक आहे. मसाल्याच्या पुडीत जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी संयुग मिसळल्याची प्रकरणेही उघडकीस आली आहेत. अशी पूड उघड्या जखमेवर भुरभुरणे शहाणपणाचे नाही.

दगडी पाल्याची गोष्ट

तक्त्यातली दुसरी वनस्पती याहून बोधप्रद आहे. दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी अशा नावांनी ती ओळखली जाते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रिकाम्या प्लॉटवर आणि कुंपणाच्या कडेने ती हमखास सापडते. खरचटले की पाला चुरडून रस लावायचा, हे इथल्या मुलांनाही ठाऊक असते. तक्त्यात तिच्यापुढे ‘प्राचीन आयुर्वेदिक वनस्पती’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. चरक-सुश्रुतांच्या काळी ती भारतात नव्हती.

यामुळे तिची किंमत कमी होत नाही. उलट, परक्या तणाचा उपयोग आपल्या खेड्यांतील माणसांनी स्वतः शोधला, पारखला आणि रुजवला, ही गोष्ट अधिक कौतुकाची आहे. लोकज्ञान म्हणजे गोठलेला वारसा नव्हे. ते वाढत असते, म्हणून ते चुकूही शकते आणि तपासताही येते.

तपासायचे कसे? पाल्याचा रस लावून जखम दाबून धरली की रक्त थांबते. ते रसाने थांबले, की दाबल्याने? किरकोळ कापलेल्या जागेचे रक्त काही मिनिटांत गोठून आपोआपही थांबते. तेव्हा पाला न लावता तितकाच वेळ दाबून धरलेल्या जखमेशी तुलना केल्याखेरीज उत्तर मिळत नाही. शास्त्रीय प्रयोगातील ‘तुलना-गट’ समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. अर्थात हा प्रयोग वर्गात चर्चेपुरताच करावा, मुलांच्या बोटांवर नव्हे.

सोलापूरचा मध

अशी तुलना महाराष्ट्रातच झालेली आहे. सुश्रुतसंहितेतील व्रणोपचारांत वनस्पतींबरोबर तूप आणि मध यांनाही मोठे स्थान आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी ५२ जणांना मधाच्या पट्ट्या बांधल्या आणि ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन या प्रचलित औषधाच्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते.

येथेही समीक्षा थांबली नाही. यातील बरेच प्रयोग एकाच केंद्रातले आहेत, हा आक्षेप पुढे नोंदवला गेला. इतर प्रयोगही एकत्र तपासून २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने मर्यादित निष्कर्ष काढला. त्वचेच्या वरच्या थरांपुरत्या भाजण्यावर मध उपयोगी दिसतो. सर्व प्रकारच्या जखमांबाबत असे म्हणता येत नाही. कारणही कळते. मधातील दाट साखर जिवाणूंमधले पाणी शोषून घेते, मध आम्लधर्मी असतो आणि पातळ झाल्यावर त्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. रुग्णालयात वापरायचा मध मात्र किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो. बटाट्याची एक चकती मधात आणि एक पाण्यात ठेवली, तर यातला पाणी शोषण्याचा भाग विद्यार्थ्यांना तासाभरात पाहता येईल.

तक्ता घरी जातो तेव्हा

हा काटेकोरपणा कशासाठी? अंबडच्या कारखान्यांतून पत्रा कापणारे, लेथवर काम करणारे हजारो हात आहेत आणि त्या घरांतली मुले आसपासच्या शाळांत शिकतात. तक्त्यावर वाचलेला सल्ला संध्याकाळी घरी पोचतो. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात. मातीतून उपटलेला पाला अशा जखमेत कोंबला, तर रक्त थांबेल, जखम वरून भरलेलीही दिसेल, आणि साधारण तीन ते एकवीस दिवसांत जबडा आखडू लागेल. यावर खात्रीचा प्रतिबंध लशीचा आहे. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी लस राष्ट्रीय लसीकरणात आहे, हे त्याच तक्त्यावर का नसावे?

यात आयुर्वेदाचा अवमान नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत शोधन वेगळे आणि रोपण वेगळे, आणि आधी जखम शुद्ध करावयाची, मग ती भरून आणावयाची, असा क्रम आहे. आपला तक्ता शोधन गाळतो आणि थेट रोपणाला हात घालतो. म्हणजे तो आधुनिक शास्त्राला तर सोडतोच, सुश्रुतालाही सोडतो.

पुढच्या प्रदर्शनात तक्ता जरूर लावावा. फक्त ‘गुण’ या एका रकान्याऐवजी चार रकाने आखावेत: वापर कोण करते, उल्लेख कोठे आहे, प्रयोग कशावर झाला, आणि तुलना कशाशी केली. काही चौकटी रिकाम्या राहतील. त्या तशाच राहू द्याव्यात. आणि तक्त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे: जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, खोल किंवा मातीने माखलेली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.