गोळी कुठली, हे रुग्णाला कळू द्या

शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभारला. करून पाहा, मगच माना, ही तिथली रीत. तीच कसोटी होमिओपॅथीला लावू.

हानेमान यांचे ‘ऑर्गनन’ १८१० चे. तेव्हा रेणू मोजता येत नव्हते. आज हिशेब सोपा आहे. ‘३० सी’ म्हणजे शंभरात एक असे विरलीकरण तीस वेळा. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची आशा नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासले. कोणत्याही आजारावर गुण येतो असा विश्वासार्ह पुरावा तिला सापडला नाही.

मग खरा प्रश्न डॉक्टरचा उरतो. होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच हलगर्जीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी १९९६ साली ठरवले. पुढे २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलला आणि औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना तीच मुभा दिली. समर्थक म्हणतात, खेड्यात डॉक्टर नाहीत. गरज खरीच आहे. पण साबुदाण्याएवढ्या गोळ्या पुरत असत्या, तर ही मुभा मागावी का लागली?

हा डॉक्टर आपले ऐकून घेतो, रात्री दार उघडतो. ते मोल मोठे आहे. म्हणूनच चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि पॅथी स्पष्ट लिहावी. विश्वासाने आलेल्या माणसाचा तेवढा हक्क आहे.