जिंकल्यानंतरचे पुराण

‘स्टार वॉर्स’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही आधुनिक काळातली पुराणे आहेत, हे विधान आता इतक्यांदा लिहून झाले आहे की ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. साम्यस्थळे सगळ्यांना पाठ असतात. आडगावात वाढलेला पोरका मुलगा, त्याला वाट दाखवणारा म्हातारा गुरू, वारशाने आलेली तलवार, काळोखातला एक अधिपती आणि त्याचे सर्वनाशी अस्त्र. एकीकडे याने आहेत आणि दुसरीकडे घोडे, बाकी सारे तेच. हे साम्य खोटे नाही. पण तिथेच थांबले तर या दोन परंपरांमधला खरा फरक हातून निसटतो. माझ्या मते तो फरक विजयानंतर सुरू होतो. जिंकणाऱ्याला कथा काय मोजायला लावते आणि ते मोजलेले प्रेक्षकाला दिसू देते का, यावर ती पुराणाच्या जातीची आहे की नुसती पराक्रमाची, हे ठरते. महाभारत अठराव्या दिवशी संपत नाही. त्यानंतर स्त्रीपर्व आहे, आणि अखेरीस हिमालयाच्या वाटेवर एकेक करून गळून पडणारे पांडव आहेत.

‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. जॉर्ज लुकासला मुळात ‘फ्लॅश गॉर्डन’ या जुन्या चित्रमालिकेवर चित्रपट करायचा होता. तिचे हक्क मिळेनात, तेव्हा त्याने स्वतःचे विश्व रचले. अकिरा कुरोसावाच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’मधली (१९५८) दोन भांडखोर शेतकऱ्यांची जोडी त्यात दोन यंत्रमानव होऊन आली. दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटांमधल्या विमानांच्या झटापटी आल्या. जोसेफ कॅम्पबेलने ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ (१९४९) या ग्रंथात जगभरच्या कथांमधून काढलेला नायकाच्या प्रवासाचा आराखडाही आला. इतक्या उसनवारीतून एकसंध काही उभे राहिले याचे बरेचसे श्रेय चित्राला आणि ध्वनीला जाते. तिथली याने पोचे आलेली, काळवंडलेली, ठिकठिकाणी ठिगळे मारलेली आहेत, त्यामुळे ते जग आधीपासून वापरात असल्यासारखे वाटते. प्रकाशतलवारीची गुणगुण बेन बर्टने प्रोजेक्टरच्या मोटरीच्या घरघरीतून आणि टीव्हीच्या नळीच्या आवाजातून घडवली. आणि मावळणाऱ्या दोन सूर्यांकडे पाहत उभा राहिलेला ल्यूक! त्या क्षणी कुणी काही बोलत नाही. फक्त जॉन विल्यम्सची सुरावट वर चढते, आणि घर सोडून जावेसे वाटणाऱ्या प्रत्येक तरुण माणसाचे मन पडद्यावर येते. अंतराळपटांच्या साऱ्या इतिहासात याहून सुंदर क्षण मी पाहिलेला नाही.

पण याच चित्रपटात ऑल्डरान नावाचा अख्खा ग्रह राजकन्या लेयाच्या डोळ्यांदेखत उडवला जातो. तिची माणसे, तिचे घर, तिचा देश, सगळे संपते. थोड्याच वेळाने ती ल्यूकच्या खांद्यांवर पांघरूण घालून त्याची समजूत काढते, कारण त्याचा गुरू गेलेला असतो. तिचे स्वतःचे दुःख मांडायला चित्रपटाकडे सवड नाही. शेवटी दरबार भरतो, पदके दिली जातात, सगळे हसतात. पराक्रमाची गोष्ट म्हणून हा शेवट नेमका आहे. पुराण म्हणून तो तोकडा पडतो.

जे. आर. आर. टॉल्कीन १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होते, आणि त्यांचे जवळचे मित्र त्या महायुद्धात मारले गेले. इंग्लंडला स्वतःच्या मातीतले म्हणावे असे मिथक उरलेले नाही ही खंत त्यांना होतीच, पण १९५४–५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या महाकादंबरीला धार आहे ती खंदकातून परत आलेल्या माणसाची. पीटर जॅक्सनने न्यूझीलंडमध्ये तीन चित्रपट केले (२००१ ते २००३) तेव्हा ती धार त्याने बरीचशी जपली. तिसऱ्या चित्रपटाला अकरा नामांकने होती आणि अकराही ऑस्कर मिळाले. मात्र त्याची खरी कमाई मला दोन प्रसंगांत दिसते.

पहिला प्रसंग ज्वालामुखीच्या पोटातला. एवढा प्रवास करून, एवढे सोसून फ्रोडो हा हॉबिट काळोखातल्या अधिपतीची अंगठी आगीत टाकायला कड्यावर उभा राहतो आणि टाकत नाही. ती माझी आहे, असे म्हणून बोटात घालतो. नायक ऐन क्षणी हरतो. जग वाचते ते गॉलममुळे, जो त्याचे बोट अंगठीसकट तोडून घेतो. आणि गॉलम तोवर जिवंत असतो तो आधी त्याच्यावर दया दाखवली गेली म्हणून. कादंबरीत गॉलम आनंदाच्या भरात स्वतःच तोल जाऊन खाली पडतो. जॅक्सनने तिथे झटापट घातली आणि प्रसंग थोडा बोथट केला. तरीही शौर्याने नव्हे तर जुन्या दयेने जग तगले, हा मूळ धागा तुटला नाही.

दुसरा प्रसंग परतल्यावरचा. चौघे हॉबिट आपल्या गावच्या गुत्त्यात येऊन बसतात. भोवतालची मंडळी कुणाच्या तरी मोठ्या भोपळ्याचे कौतुक करण्यात दंग आहेत. हे चौघे कुठे गेले होते, काय पाहून आले, कुणाला माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. ते एकमेकांकडे बघतात आणि मुकाट्याने पेले उचलतात. या चित्रपटाला शेवट फार आहेत, संपता संपत नाही, अशी तक्रार तेव्हा अनेकांनी केली आणि अजूनही होते. मला ती तक्रार मुळातच पटत नाही. युद्ध संपल्यावर आयुष्य कसे उरते हे सांगायला वेळ लागतोच. उलट जॅक्सनने एक शेवट गाळला याची मला चुटपुट आहे. कादंबरीत हॉबिट परततात तेव्हा त्यांच्या शायर या मुलखाचीही धूळधाण झालेली असते, झाडे तोडलेली असतात, आणि घरासाठी पुन्हा लढावे लागते. चित्रपटात घर जसेच्या तसे राहते आणि फक्त माणसे बदलतात. टॉल्कीनच्या हिशेबात घरही सुटत नाही.

म्हणजे स्पेस ऑपेरा उथळ आणि फँटसी खोल, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) तसे होऊ देत नाही. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि त्याच दमात राज्यही देऊ करतो. डार्थ व्हेडर ल्यूकच्या बाबतीत हेच करतो. मी तुझा बाप आहे, ये, दोघे मिळून राज्य करू. दोघेही नकार देतात. कर्ण आपली बाजू हरणार हे ठाऊक असूनही परत फिरतो, तर ल्यूक हात सोडून खोल पोकळीत स्वतःला झोकून देतो. आरव्हिन कर्शनरने हा प्रसंग वाऱ्याच्या घोंघाटात, अरुंद पुलावर असा बांधला आहे की आकाशगंगेचे युद्ध विसरून आपण एका घरातली भाऊबंदकी पाहत राहतो. ल्यूकचा तुटलेला हात चित्रपट संपण्याआधीच यंत्राने भरून निघतो, सुईने टोचून बोटे तपासलीसुद्धा जातात. फ्रोडोचे बोट परत येत नाही. पण लुकासची कथा तो हात विसरत नाही. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये (१९८३) ल्यूक बापाचा हात छाटतो, आत तारा दिसतात, मग तो स्वतःच्या हातमोज्यातल्या हाताकडे बघतो आणि तलवार फेकून देतो. आपणही तेच होऊ लागलो आहोत हे उमगून शस्त्र टाकणारा नायक व्यावसायिक चित्रपटात फार दुर्मिळ. या एका क्षणासाठी त्या चित्रपटातली बाहुल्यांची जत्रा मी माफ करतो.

पुढची घसरण दोन्हीकडे झाली आणि तिचे कारण एकच आहे. कॅम्पबेलचा आराखडा ऐंशीच्या दशकात डिस्नेत काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होगलरने काही पानांच्या टिपणात उतरवला. पुढे त्याचे पुस्तक झाले आणि पटकथा-लेखकांना एक ठरलेली रेसिपी मिळाली. २०१२ साली डिस्नेने लुकासफिल्म चारशे कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. २०१५ च्या चित्रपटात पुन्हा वाळवंट, पुन्हा पोरकी मुलगी, पुन्हा गुपित घेऊन पळणारा यंत्रमानव, पुन्हा ग्रह उडवणारे अस्त्र. २०१७ मध्ये रायन जॉन्सनने एक धाडस केले. त्याने रे या नायिकेचे आईबाप कुणीच नव्हते असे सांगितले, म्हणजे शक्ती कुळाबाहेर काढली. प्रेक्षकांचा एक मोठा गट खवळला, आणि २०१९ च्या चित्रपटात तीच रे सम्राटाची नात निघाली. कुळाचा दाखला परत तिच्या हाती दिला गेला. फँटसीच्या घरी वेगळे काही घडले नाही. ‘द हॉबिट’ (१९३७) या मुलांसाठीच्या एका पुस्तकाचे तीन लांबलचक चित्रपट झाले, आणि २०२२ पासूनची ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका मुख्यतः ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांवर उभी आहे. जिथे मालमत्ता चालू ठेवायची असते तिथे कथेला संपू देत नाहीत, आणि न संपणाऱ्या कथेत किंमत मोजली जात नाही. मेलेला सम्राटसुद्धा परत येतो.

आपल्याकडे अश्वत्थामाही मरत नाही, पण त्याचे न मरणे हीच त्याची शिक्षा आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो नर्मदेकाठी फिरतो, असे परिक्रमेला जाणारे लोक अजून सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंभा शिखरावर दिवाळीच्या सुमारास त्याची यात्रा भरते, आणि तिथले आदिवासी भाविक रात्री-अपरात्री डोंगर चढून जातात. व्यासांच्या ग्रंथातला शापित ब्राह्मण योद्धा त्यांनी आपला अस्तंभा ऋषी करून घेतला, कुणाची परवानगी न विचारता. एकनाथांनी रामायण मराठीत आणले ते आपल्या काळाचे करून आणि जात्यावरच्या बायकांनी सीता आपल्या माहेरची केली तीही अशीच. टॉल्कीनना हे कळत होते. आपल्या मिथकमालेत इतरांच्या हातांना, चित्राला, संगीताला, नाट्याला जागा राहावी, अशी इच्छा त्यांनी एका पत्रात लिहून ठेवली होती. आज ती जागा वकिलांच्या ताब्यात आहे.

सध्या मात्र कथनाचे बळ स्पेस ऑपेराकडे झुकले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डेनी व्हिलनव्हच्या ‘ड्यून’च्या दोन भागांनी (२०२१, २०२४) मिथक कसे रचले जाते हाच विषय केला. अराकिस ग्रहावरच्या फ्रेमेन लोकांमध्ये तारणहार येणार ही भविष्यवाणी बेने जेसेरिट या स्त्रियांच्या पंथाने फार पूर्वी पेरून ठेवलेली असते. नायक पॉल त्या भविष्यवाणीवर स्वार होतो. अशा तारणहारांपासून सावध राहण्याचा, फ्रँक हर्बर्टने मूळ कादंबरीत १९६५ मध्ये मांडलेला इशारा वाचकांनी पुरता ओळखला नव्हता, म्हणून त्याला १९६९ मध्ये ‘ड्यून मेसाया’त तो उघड करावा लागला. व्हिलनव्हने तो चानीच्या चेहऱ्यावर आणला. पॉल जिंकतो, सगळे गुडघे टेकतात, धर्मयुद्धाचा हुकूम सुटतो, आणि त्याच्यावर प्रेम करणारी एकटी चानी सभागृहातून निघून जाते. विजयाच्या क्षणीच किंमत दिसते आणि ती इतरांच्या रक्ताने फेडली जाणार हे कळते. छोट्या पडद्यावर टोनी गिलरॉयच्या, ‘स्टार वॉर्स’च्याच विश्वातल्या ‘अँडॉर’ने (२०२२ आणि २०२५) हेच काम खालून केले. तिथे जेडाय नाहीत, भाकिते नाहीत. कारकून, कैदी, भंगारवाले आहेत, आणि बंडासाठी स्वतःची सद्‌सद्विवेकबुद्धी गहाण टाकणारी माणसे आहेत. फँटसीपटांकडे आज याच्या तोडीचे काही नाही.

भारतीय पडद्यावर दोन्ही धारा एकत्र येऊ लागल्या आहेत. नाग अश्विनचा ‘कल्कि २८९८ एडी’ (२०२४) काशीला जगातले शेवटचे शहर करतो. त्यातली वाहने आणि वाळवंट ओळखीचे, परक्या घरातून आणलेले वाटतात. जीव येतो तो अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा उठून उभा राहतो तेव्हा, कारण त्याच्याजवळ हजारो वर्षांचे मोजणे आहे. नितेश तिवारींच्या ‘रामायण’चे दोन भाग २०२६ आणि २०२७ च्या दिवाळीला येतील अशी घोषणा झाली. ‘ड्यून’च्या दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळवणारी डीएनईजी ही कंपनी त्यावर काम करते आहे, आणि ए. आर. रहमान यांच्या जोडीला संगीत आहे ‘ड्यून’च्याच हान्स झिमरचे. तंत्राची काळजी आता उरलेली नाही. लंका पेटवून दाखवणे दादासाहेब फाळक्यांना १९१७ सालीच साधले होते, तेही अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता अशी दोन्ही कामे करून घेऊन.

प्रश्न त्यापुढचा आहे. लंका जिंकल्यावर राम सीतेला जे कठोर बोलतो ते वाल्मीकींनी युद्धकांडातच लिहून ठेवले आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने तर ‘उत्तररामचरित’ हे सबंध नाटक विजयानंतरच्या दुःखावर उभे केले. त्याच्या पहिल्याच अंकात राम आणि सीता आपल्याच वनवासाची चित्रे पाहत आहेत, आणि त्याच दिवशी तिच्या त्यागाचा निर्णय होतो. एवढे भांडवल घरात असताना आपल्या चित्रकर्त्यांनी विजयाच्या मिरवणुकीवर पडदा पाडू नये. आणि प्रेक्षकांनीही तो चित्रपट दहा तोंडांच्या रावणावरून नव्हे, विजयानंतरच्या या कथेचे त्यात काय होते त्यावरून जोखावा.