हेटनची डागडुजी

इंग्रजी कादंबरीत शनिवार-रविवारच्या पाहुणचाराला मानाचे स्थान आहे. लंडनची मंडळी आगगाडीने खेड्यावरच्या एखाद्या हवेलीत जातात, दोन रात्री राहतात आणि सोमवारी परततात. एवढ्या अल्प अवधीत लग्ने जुळतात, मोडतात आणि पिढ्यानुपिढ्यांची इभ्रत पणास लागते. एव्हलिन वॉ (१९०३–१९६६) यांची 'ए हँडफुल ऑफ डस्ट' ही १९३४ सालची कादंबरी याच कुळीतली आहे. मात्र तिच्यातल्या हवेलीत पाहुण्यांच्या पाठोपाठ कारागीरही शिरतात. आमच्या मते या कादंबरीचे मर्म त्या कारागिरांच्या कामात आहे, आणि नेमके तेथेच तिचे वाचन बहुधा चुकते.

कथानक थोडक्यात असे. टोनी लास्ट हा हेटन अ‍ॅबे या वडिलोपार्जित हवेलीचा धनी. क्लबात त्याने सहज तोंडातून काढलेले निमंत्रण जॉन बीव्हर नावाचा एक निरुद्योगी तरुण खरे मानतो आणि शनिवारी हेटनला येऊन थडकतो. पुन्हा येण्याची इच्छा होऊ नये म्हणून त्याला मुद्दाम गैरसोयीची खोली दिली जाते. परंतु टोनीची पत्नी ब्रेन्डा त्याच्यात गुंतते. या बीव्हरच्या आईचा धंदा घरे सजवण्याचा. कादंबरीचा आरंभच मुळी एका घराला लागलेल्या आगीच्या वार्तेने होतो, आणि त्या आगीत या बाईंना नव्या कामाची संधी दिसते. हळूहळू त्या हेटनमध्येही पोहोचतात. दिवाणखान्यांपैकी एकाच्या भिंती क्रोमियमच्या चकचकीत पत्र्याने मढवाव्यात, खाली मेंढीच्या कातड्याचा गालिचा अंथरावा, असा त्यांचा बेत ठरतो.

येथे सहृदय वाचक हळहळतो. जुन्या, खानदानी वास्तूवर उपऱ्यांनी घातलेला हा घाला आहे, असे त्याला वाटते, आणि कादंबरीला तो लयास जाणाऱ्या परंपरेचे शोकगीत ठरवतो. परंतु वॉ यांनी एक तपशील अगदी आरंभीच वाचकाच्या हाती ठेवला आहे. हेटन ही जुनी वास्तू नव्हेच! मूळची हवेली पाडून १८६४ साली ती गॉथिक थाटात नव्याने उभारली गेली, आणि तेव्हापासून तिच्यात पाहण्याजोगे काही उरले नाही, असा निर्वाळा त्या परगण्याची मार्गदर्शिकाच देते. खोल्यांना आर्थर राजाच्या दंतकथांतील नावे आहेत. टोनीच्या शयनगृहाचे छत कोरीव लाकडाचे भासते, पण प्रत्यक्षात ते गिलाव्यावर ठोकलेल्या पट्ट्यांचे आहे, आणि एका कोपऱ्यात ओल शिरून त्याचा सोनेरी वर्ख काळवंडला आहे. म्हणजे क्रोमियमचा पत्रा खऱ्यावर खोटे चढवीत नाही. एका जुन्या खोट्यावर नवे खोटे चढवतो. दोहोंत फरक एवढाच, की पहिल्यावर टोनीचे प्रेम आहे.

मग त्या प्रेमाचे मोल काय? हा या कादंबरीतला खरा प्रश्न आहे, आणि वॉ यांचे उत्तर कठोर आहे. टोनीला त्या ओल्या कोपऱ्याची काळजी आहे. मुलाच्या अमदानीत तरी लोकांची अभिरुची पालटेल आणि हेटनचा मान परत मिळेल, अशी आशाही आहे. पण आपल्या पत्नीला हे घर कुरूप वाटते, याची गंभीर दखल तो कधी घेत नाही. ब्रेन्डा ती गोष्ट उघडपणे बोलते ती परक्या पाहुण्याजवळ. भिंतींचे दुखणे ज्याला दिसते त्याला माणसाचे दिसत नाही, हा यातला विपर्यास होय. पुढे मुलगा अपघातात दगावतो. 'जॉन गेला' हे ऐकताच ब्रेन्डाला तो आपला प्रियकर वाटतो, आणि आपला मुलगा आहे हे कळताच तिच्या तोंडून सुटकेचा उद्गार निघतो. इतका भयंकर क्षण इतक्या कोरड्या गद्यात लिहिणारा लेखक विरळा.

काही टीकाकारांना कादंबरीचा शेवट उपरा वाटतो. ब्राझीलच्या अरण्यात वाट चुकलेला टोनी एका माथेफिरूच्या तावडीत सापडतो आणि त्याला जन्मभर डिकन्सच्या कादंबऱ्या वाचून दाखवण्याची शिक्षा भोगतो. हा भाग मूळ स्वतंत्र कथा म्हणून १९३३ साली प्रसिद्ध झाला होता, हे खरे. तरीही सांधा बेमालूम आहे. डिकन्स वारला १८७० साली. हेटन उभे राहिले १८६४ साली. ज्या युगाच्या नकली गॉथिकात टोनी सुखाने राहू पाहत होता, त्याच युगाच्या ग्रंथांत तो कायमचा कोंडला जातो. आमचा आक्षेप असेल तर तो वेगळाच. ब्रेन्डाच्या मनात वॉ जेमतेम डोकावतात. जो प्रश्न टोनीने तिला विचारला नाही, तो लेखकानेही विचारू नये, हा या कादंबरीतला उणा कोपरा आहे.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकाशी तुलना केल्यास हे अधिक उमगते. विदर्भातील त्या देशपांड्यांच्या वाड्यात डागडुजीला पैसाच नाही. अंगणातला ट्रॅक्टर गंजत पडला आहे. पण वडिलांच्या मृत्यूमुळे मुंबईहून आलेल्या सुधीरला आणि घरीच राहिलेल्या भास्करला एकमेकांशी बोलणे तरी चुकत नाही. तेथे भिंती ढासळतात, पण माणसे निदान भांडतात. हेटनमध्ये शिष्टाचार अखेरपर्यंत शाबूत राहतो आणि घर आतून रिते होते.

आमच्यासारख्या बदलीच्या गावी संसार थाटणाऱ्यांना या ग्रंथातील एक गौण पात्र विशेष ओळखीचे वाटेल. हेटनच्या चर्चमधले वृद्ध धर्मोपदेशक तरुणपणी हिंदुस्थानातल्या छावणीत होते. तेव्हा लिहिलेली प्रवचनेच ते अक्षरही न बदलता इंग्लंडच्या थंडीत वाचतात. समोर बसलेल्या खेडुतांना रणरणत्या उन्हाची आणि दूर राहिलेल्या आप्तस्वकीयांची आठवण करून देतात, आणि श्रोते तृप्त होतात! आपल्या महाराष्ट्र मंडळांतील काही गणेशोत्सवी व्याख्याने आठवून आम्हांला हसू आले, आणि ते लगेच ओसरलेही. कारण आपणही मनात एक घर जसेच्या तसे जपून असतो. रजेवर चार दिवस गावी गेलो, की जोत्याचे दगड काढून फरशी का बसवली, माजघराची भिंत का पाडली, असे आपण भावाला विचारतो. बाराही महिने त्या ओल्या भिंतीशेजारी कोण निजते, हे विचारीत नाही. अशा वेळी आपण त्या घराचे टोनी असतो की दोन रात्रींचे बीव्हर, हे ठरवणे कठीण आहे.

टोनीच्या पश्चात हेटन भाऊबंदांकडे जाते. ते तेथे रुपेरी कोल्हे पाळतात आणि त्या उत्पन्नातून हवेलीला टोनीच्या वेळचे वैभव परत मिळवून देण्याची स्वप्ने पाहतात. म्हणजे डागडुजी पुन्हा सुरूच! शीर्षकातली मूठभर धूळ एलियटच्या 'द वेस्ट लँड' (१९२२) या काव्यातून आली आहे. कारागीर आत शिरले की ती उडतेच. पण वॉ यांना दाखवायची आहे ती त्याआधीची, माणसांनी एकमेकांकडे पाहणे सोडलेल्या खोल्यांत मुकाट साचत गेलेली धूळ. घराची दुरुस्ती काढण्यापूर्वी प्रत्येकाने ही कादंबरी एकवार वाचावी, आणि मग गवंड्याला बोलावण्याआधी घरच्यांना विचारावे.