चित्रपटगोष्ठी आणि तिची मर्यादा
‘फिल्मइंडिया’तील प्रश्नोत्तरांच्या अनुषंगाने

‘कामसूत्रा’च्या पहिल्या अधिकरणात नागरकाचा दिनक्रम सांगताना वात्स्यायनाने गोष्ठीचे लक्षण दिले आहे. विद्या, बुद्धी, शील, वित्त आणि वय या बाबतींत समान असलेली माणसे गणिकेच्या घरी, सभेत किंवा आपल्यापैकीच एखाद्याच्या निवासस्थानी एकत्र बसतात, परस्परांना साजेसे संभाषण करतात, काव्यातील व कलांतील कूटे एकमेकांपुढे टाकतात, ती गोष्ठी होय. गोष्ठीतील भाषा सर्वस्वी संस्कृत असू नये आणि सर्वस्वी देशी बोलीही असू नये, असेही तो सुचवितो. पुढे एक इशारा येतो. जी गोष्ठी लोकांच्या द्वेषास पात्र झाली आहे, जी स्वैर सुटली आहे आणि जिचा पिंडच दुसऱ्यास इजा करण्याचा आहे, तिच्यात शहाण्याने पाऊल टाकू नये. ‘गोठा’ या अर्थाच्या ‘गोष्ठ’ शब्दापासून निघालेला हा शब्द मराठीत ‘गोष्ट’ होऊन कथेच्या अर्थी स्थिरावला. जमून बोलण्याचा त्याचा मूळ अर्थ मात्र ‘गप्पा’, ‘बैठक’, ‘कट्टा’ अशा निरनिराळ्या शब्दांकडे वाटला गेला.

लोकरंजनाच्या कलांविषयी हौशी माणसे आपापसांत जे हलकेफुलके बोलतात, त्याला वाङ्मयविचारात सहसा स्थान दिले जात नाही. विनोदी लेखनात त्याची प्रतिमा उमटली तर तिची दखल घेतली जाते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’त बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या बैठकीला जे मोल आहे, ते त्या बैठकीमागे कोल्हटकर उभे आहेत म्हणून. प्रत्यक्ष बोलणे हवेत विरून जाते आणि अभ्यासाला काही उरत नाही, ही यातली खरी अडचण. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र अशी एक गोष्ठी छापील स्वरूपात भरत असे आणि म्हणून ती टिकून राहिली आहे. मुंबईहून १९३५ च्या एप्रिलपासून निघू लागलेल्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकातील संपादकाच्या टपालाचे सदर, ही ती गोष्ठी. तिचे यजमान बाबूराव पटेल. त्यांचा जन्म १९०४ सालचा, आताच्या पालघर जिल्ह्यातील मासवणचा.

सदराची घडण अगदी साधी होती. वाचकाचे नाव आणि गाव, त्याचा एकदोन ओळींचा प्रश्न आणि त्याखाली तितकेच आखूड उत्तर. अमुक नटी विवाहित आहे काय, तमुक नटाचे वय किती, या दोघींत सरस कोण, अमक्या चित्रपटात नायकाने असा पोशाख का केला, अशा वळणाचे प्रश्न. आणि माहिती देण्याऐवजी प्रश्नातलाच एखादा शब्द उचलून त्याला भलत्या बाजूला फिरविणारे उत्तर. काही वेळा खरी माहितीही मिळे, पण ती मिळाली तर वाचकाची थोडीशी निराशाच होत असावी. सदराच्या माथ्यावर एक कायमची सूचना असे. निवडक पत्रांचाच परामर्श घेतला जातो, तो माहितीपर आणि विनोदी ढंगाने घेतला जातो आणि त्यात कोणास दुखविण्याचा हेतू नाही, असा तिचा आशय. ज्या बैठकीत कोणी दुखावत नाही, तिच्या दारावर अशी पाटी लावण्याची गरज पडत नाही, हे उघड आहे.

या प्रश्नोत्तरांतील हजरजबाबीपणा हा रचलेला हजरजबाबीपणा आहे, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. कट्ट्यावर एकाने बोलावे आणि दुसऱ्याने ते बोल खाली पडू न देता झेलावेत, यात सारी गंमत त्या क्षणाची असते. येथे प्रश्न टपालाने येणार, निवडला जाणार, उत्तर टेबलाशी बसून लिहिले जाणार आणि पुढल्या एखाद्या महिन्याच्या अंकात ते दोन्ही एकाखाली एक छापले जाणार. तरीही वाचताना भास होतो तो तत्क्षणी उमटलेल्या टोल्याचा. नाटककार संवाद लिहितो तेव्हा हेच करतो. फरक इतकाच की नाटकात दोन्ही पात्रांची वाक्ये नाटककाराची असतात. येथे एका पात्राचे वाक्य दूरच्या गावच्या कोणा माणसाचे आहे आणि ते त्याने स्वखुशीने, आपली फजिती होणार हे ठाऊक असून पाठविले आहे.

हे त्याने का करावे? ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एका निबंधात असे दाखविले होते, की माणसांच्या पुष्कळशा बोलण्याचे प्रयोजन आशय पोहोचविणे हे नसून केवळ सहवासाचा धागा जोडणे हे असते. नटीच्या विवाहाविषयीचा प्रश्न या जातीचा आहे. आपण या मंडळींतले आहोत, या बैठकीची रीत आपल्याला ठाऊक आहे, एवढेच त्यातून सांगावयाचे असते. नाव आणि गाव छापले जाणे, हेच त्याचे पारितोषिक. याच वृत्तीचे दुसरे आणि अधिक निर्मळ रूप काही वर्षांनी नभोवाणीवर दिसले. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि श्रोत्यांची पत्रे पोत्यांनी जाऊ लागली. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे झुमरी तलैया हे गाव याच काळातील फर्माइशींमुळे देशाच्या कानाकोपऱ्यात माहीत झाले. पुष्कळांना तर ते काल्पनिकच वाटे. फर्माइश करणाऱ्याला ते गाणे ऐकावयाचे असे हे खरे, पण त्याहून अधिक आपले नाव निवेदकाच्या तोंडून ऐकावयाचे असे. त्या बैठकीत कोणाचीही थट्टा होत नव्हती. म्हणूनच तिच्यातून झुमरी तलैयाच्या नावाची आख्यायिका उरली, वाङ्मय म्हणावे असे फारसे काही उरले नाही. ‘फिल्मइंडिया’च्या सदराचे मात्र आजही वाचन होऊ शकते, आणि ते वाचनीय आहे ते त्यातल्या दंशामुळे. समीक्षेपुढचा पेच येथे सुरू होतो.

वात्स्यायनाच्या कसोट्यांपैकी भाषेची कसोटी हे सदर सहज उतरते. बाबूरावांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते. त्यांचे इंग्रजी स्वतः कमावलेले होते. ते ना विलायती प्राध्यापकाचे होते ना कचेरीतल्या कारकुनाचे. मुंबईच्या बोलण्यातला उग्रपणा आणि ग्राम्य कोपरखळी त्यांनी परकीय भाषेत रुजविली. सादत हसन मंटो यांनी बाबूरावांचे जे व्यक्तिचित्र लिहिले, त्यात लेखनावरून कल्पिलेला माणूस आणि प्रत्यक्ष भेटलेला माणूस यांतील अंतर त्यांनी नमूद केले आहे. शैली हा एक मुखवटा असतो हे त्यातून दिसते. शिवरामपंत परांजपे यांनी ‘काळा’त वक्रोक्ती वापरली ती राजद्रोहाच्या कायद्यापासून बचावासाठी ढाल म्हणून; बाबूरावांच्या वक्रोक्तीला असे काही झाकावयाचे नव्हते, म्हणून ती अनेकदा वक्रही राहत नाही, सरळ वार करते.

समानतेच्या कसोटीवर मात्र हे सदर टिकत नाही. बाहेरून तो कट्टा दिसतो; आत पाहिले तर तो दरबार आहे. प्रश्न कोणी निवडावयाचा हे यजमान ठरवितो, शेवटचा शब्द त्याचाच असतो आणि प्रत्युत्तराला जागा नसते. अंकातील बहुतेक मजकूर बाबूराव आणि त्यांच्या पत्नी सुशीलाराणी हे दोघेच लिहीत. सुशीलाराणी (१९१८–२०१४) या शास्त्रीय संगीताच्या गायिका. ‘बॉम्बे कॉलिंग’ या कुचाळकीच्या सदराखाली ‘ज्यूडास’ हे टोपणनाव असे. म्हणजे वाचकाला जी भरलेली बैठक वाटे, तिच्यातले पुष्कळसे आवाज एकाच घरातून येत होते. ख्रिस्ताला दगा देणाऱ्या शिष्याचे नाव कुचाळकी सांगणाऱ्याने धारण करावे, यातला प्रांजळपणा मात्र मान्य करावा लागतो.

यावरून हे लेखन केवळ उथळ होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चित्रपटसंस्थांच्या जाहिराती प्रत्येक चित्राला अद्वितीय म्हणत असत. त्या काळात हे सारे खोटे आहे असे मोठ्याने म्हणणारा एक आवाज असणे ही लहान गोष्ट नव्हती. ‘द ड्रम’ (१९३८) आणि ‘गुंगा दिन’ (१९३९) या चित्रपटांतून हिंदी लोकांचे जे हीन चित्र रंगविले गेले, त्याविरुद्ध ‘फिल्मइंडिया’ने चालविलेली मोहीम गंभीर होती. ती परिणामकारक झाली याचे एक कारण असे की, थट्टेच्या सदरामुळे वाचकांचा एक समुदाय आधीच जमलेला होता. ज्याने महिनोन्‌महिने हसविले, तो रागावला की लोक ऐकतात.

पण थट्टेने निर्णय करण्याची जी रीत आहे, तिला कारणे देण्याची सवय नसते. नटाला एक नाव चिकटवावे आणि ते नाव सर्वांनी उचलावे, एवढ्याने निवाडा होतो. तो चुकीचा असला तरी तपासता येत नाही, कारण विधानच केलेले नसते. विनोद कळला नाही असे म्हणून आक्षेपकालाच गप्प करता येते. बाबूरावांनी सुशीलाराणींना नायिका करून ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट काढले. ते पडले. आपल्याच पद्धतीने आपली परीक्षा झाली तर काय होते, हे तेव्हा त्यांना पाहावे लागले. त्यांच्या रीतीत मात्र त्याने काही बदल झाल्याचे दिसत नाही. पुढे प्रश्नोत्तरांचा रोख चित्रपटाकडून राजकारणाकडे वळत गेला, ‘फिल्मइंडिया’ मागे पडून ‘मदर इंडिया’ हे मासिक आले आणि १९६७ साली बाबूराव शाजापूरहून जनसंघाच्या वतीने लोकसभेवर निवडून गेले. नटींच्या पोशाखावर जी ठसकेबाज एकोळी चाले, तीच आता राष्ट्राच्या प्रश्नांवर चालू लागली. नटाविषयीचा पूर्वग्रह आणि एखाद्या समाजाविषयीचा पूर्वग्रह यांचे वजन सारखे नसते; हलक्या सुराला मात्र दोन्ही सारखेच पेलतात. चित्रपटापुरती मर्यादित राहिलेली अशी प्रश्नोत्तरे १९५२ साली निघालेल्या ‘फिल्मफेअर’मध्ये आय. एस. जोहर यांनी चालविली. तेथे दंश सौम्य आहे आणि उत्तर देणारा स्वतःवरही हसतो; पण त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

वात्स्यायनाच्या व्याख्येतील एक तपशील या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच्या गोष्ठीत गणिका उपस्थित असते. बैठक तिच्या घरीही भरते, ती संभाषणात भाग घेते, कलेच्या कूटांत ती बरोबरीची आहे. त्या समाजाने तिला दिलेले स्थान आदर्श होते असे नव्हे. पण जिच्याविषयी बोलावयाचे ती समोर बसलेली असे आणि तिच्या तोंडीही उत्तर असे. चित्रपटगोष्ठीने नटीला विषय केले आणि आसन मात्र दिले नाही. संपादक आणि वाचक यांच्यामध्ये ती तिसरी, सदैव गैरहजर. सदराच्या माथ्यावरची ती सूचना वाचकाला उद्देशून होती. तिला उद्देशून नव्हती.

या गैरहजर तिसरीने एकदा बोलून दाखविले आहे आणि तेही मराठीत. शांता आपटे (१९१६–१९६४) यांची ‘कुंकू’मधील (१९३७) नीरा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीतून आली. लादलेला विवाह नाकारणारी ती तरुणी प्रेक्षकांच्या मनात राहिली. १९३९ साली करारासंबंधीच्या तंट्यात त्यांनी पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे नावच प्रश्नाचे आहे. ‘फिल्मइंडिया’कडे येणाऱ्या पत्रांत शोभेल असाच हा प्रश्न. त्या सदरात त्याला एका ओळीचे उत्तर मिळाले असते आणि सारे हसले असते. आपट्यांनी तो प्रश्न गंभीरपणे विचारात घेतला. या धंद्यात मालक कोण, श्रम कोणाचे, करार कोणाच्या बाजूचे, पडद्यावरच्या झगमगाटामागे नोकरी कोणत्या स्वरूपाची, हे त्यांनी आत राहिलेल्या व्यक्तीच्या अधिकाराने मांडले. या लेखनात विनोदाचा आधार नाही. काही ठिकाणी ते रुक्षही वाटते. पण नटी येथे प्रथमच काम करणारी व्यक्ती म्हणून वाचकासमोर येते. तिच्या वयाची व विवाहाची चौकशी करणाऱ्या प्रश्नांत ही व्यक्ती कुठेच नव्हती.

शांता आपटे आणि बाबूराव यांच्यासंबंधी एक आख्यायिका चित्रपटवर्तुळात वर्षानुवर्षे सांगितली जाते. त्यांच्याविषयी छापल्या गेलेल्या मजकुराने संतापून शांताबाई छडी घेऊन ‘फिल्मइंडिया’च्या कचेरीत शिरल्या, असा तिचा गाभा. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. ती सांगणाऱ्याच्या मुद्रेवर नेहमी हसू असते, मग सांगणारा कोणत्याही बाजूचा असो. ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकाचे नाव मात्र ही आख्यायिका सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.