'मेदाम्ल' : संज्ञा आणि क्रियापद

स्निग्ध पदार्थांच्या रसायनावरील मराठी लेखनात 'मेदाम्ल', 'वसाम्ल' आणि 'स्निग्धाम्ल' अशा तीन संज्ञा आढळतात. मेद हा आयुर्वेदातील सप्तधातूंपैकी एक, आणि वसा हा मांसातील स्नेह. तेव्हा करडईच्या तेलातील द्रव्याला ही प्राणिशरीरातील नावे कशी शोभावीत, असा आक्षेप घेता येतो. तो फारसा टिकणारा नाही. 'तैल' म्हणजे मुळात तिळाचे. तरी 'खोबऱ्याचे तेल' म्हणताना कोणी अडखळत नाही. अर्थविस्ताराची हीच सवलत मेदाला देण्यास प्रत्यवाय नसावा.

खरा दोष नामात नसून त्यापुढील क्रियापदात आहे. 'तेलात मेदाम्ले असतात' हे वाक्य सर्रास लिहिले जाते. लिंबात सायट्रिक अम्ल असते तशीच ही अम्ले तेलात सुटी असतात, असा त्यावरून समज होतो. वस्तुतः ग्लिसरॉलच्या एका रेणूशी अम्लांचे तीन रेणू संयोग पावतात, पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात, आणि उरते ते एस्टर. त्यात अम्लाचा अम्लपणा राहत नाही. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने १८२३ च्या ग्रंथात वर्णिलेली अम्लेही, चरबीचा साबण करून व मग तो साबण फोडूनच त्याच्या हाती आली होती.

लोण्याचे उदाहरण बोलके आहे. ब्यूटिरिक अम्लाचे नावच लोण्याच्या लॅटिन नावावरून पडले. पण ताज्या लोण्याला त्या अम्लाचा उग्र दर्प नसतो, कारण तेथे ते बहुतांशी बद्ध असते. पाण्याच्या योगाने बंध तुटला की लोणी खवट लागते. (सर्वच खवटपणा असा नव्हे, तेले हवेतील ऑक्सिजनामुळेही खवटतात.) स्वयंपाकघरातला 'खवट' हा शब्द जो भेद जाणतो, तोच 'असतात' पुसून टाकतो.

यातून घोटाळा होतो तो असा : डब्यावरील 'संपृक्त मेदाम्ले' हा आकडा मुख्यतः बद्ध अम्लांचा असतो, तर तेलाची प्रत ठरविताना 'मुक्त मेदाम्ले' जितकी कमी तितके तेल चांगले मानतात. संज्ञा एकच, अवस्था दोन. बद्ध अवस्थेला 'अम्लशेष' म्हणावे, आणि सुट्या अम्लांविषयी 'तेलापासून मेदाम्ले मिळतात' असे लिहावे. अधिकरणाच्या जागी अपादान आले की रसायनही बरोबर होते. 'मेदयुक्त अल्कोहोल' हा प्रयोग मात्र सोडलेलाच बरा. त्या अल्कोहोलात मेद मुळीच नसतो.